बोरिस कार्लॉफ

बोरिस कार्लॉफ (जन्मनाव: विल्यम हेन्री प्रॅट, २३ नोव्हेंबर, १८८७ - २ फेब्रुवारी, १९६९) हे इंग्लिश अभिनेते होते. भयपटातील राक्षसाच्या साचेबंद भूमिकेला त्यांनी मानवी अंतःकरण दिले आणि पुढे स्वतःच्या भीतिदायक प्रतिमेचाच अभिनयासाठी कौशल्याने उपयोग केला.

पूर्वायुष्य
कार्लॉफ यांचा जन्म लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील ब्रिटिश भारतात मीठ-महसूल खात्यात होते. आईची आई एलायझा ही सयामच्या राजदरबारातील शिक्षिका ॲना लिओनोवेन्स यांची बहीण होय. ॲना यांचा जन्म अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे झाला होता. नऊ भावंडांत धाकटे असलेल्या विल्यमने परराष्ट्र सेवेत जावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. तथापि १९०९ साली ते कॅनडास गेले. तेथे शेतमजुरी केल्यावर ते फिरत्या नाटकमंडळीत दाखल झाले आणि त्यांनी नवे नाव धारण केले. हॉलिवूडमध्ये त्यांनी अनेक वर्षे दुय्यम भूमिका केल्या.

फ्रँकेन्स्टाइन
जेम्स व्हेल दिग्दर्शित 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) या चित्रपटाने त्यांना कीर्ती मिळाली. रंगभूषाकार जॅक पियर्स यांनी घडवलेला सपाट माथ्याचा चेहरा पुढे राक्षसाचे प्रमाणरूपच ठरला. प्रारंभीच्या श्रेयनामावलीत या पात्रापुढे नटाच्या नावाऐवजी केवळ प्रश्नचिन्ह होते.

कथेत राक्षसाला गुन्हेगाराचा मेंदू मिळतो. त्यामुळे तो जन्मतःच दुष्ट ठरतो. कार्लॉफ यांनी मात्र तो जगाला प्रथमच पाहणाऱ्या बालकासारखा रंगवला. संपूर्ण चित्रपटात त्याला एकही शब्द नाही. तळ्याकाठी एका मुलीबरोबर तो पाण्यावर फुले तरंगवतो. फुले संपल्यावर तीही तरंगेल या समजुतीने तिला पाण्यात टाकतो. पुढील काळात या प्रसंगाचा शेवट कापण्यात आला. त्यामुळे मुलीच्या मृत्यूमागे क्रौर्य असावे, असा प्रेक्षकांचा समज होऊ लागला. १९८० च्या दशकात तो भाग पुन्हा जोडण्यात आला. 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) मध्ये राक्षस बोलू लागतो. कार्लॉफ यांना हा बदल रुचला नव्हता. त्याच चित्रपटात एक अंध संन्यासी त्याचा मित्र होतो. ज्याला रूप दिसत नाही, त्यालाच भय वाटत नाही.

प्रतिमा आणि विनोद
अभिनेत्यांच्या कामाच्या अटींसाठी १९३३ साली स्थापन झालेल्या 'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड' या संघटनेच्या आरंभीच्या सदस्यांत ते होते. ब्रॉडवेवरील 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' (१९४१) या विनोदी नाटकात त्यांनी एका खुन्याची भूमिका केली. तो बोरिस कार्लॉफसारखा दिसतो, असे कोणी म्हणताच खवळणारे हे पात्र खुद्द कार्लॉफ रंगवत असल्याने प्रेक्षागृहात हशा पिके.

अखेरचा काळ
पीटर बोग्दानोविच यांच्या 'टार्गेट्स' (१९६८) मध्ये त्यांनी एका वृद्ध भयपट-अभिनेत्याची भूमिका केली. सामान्य दिसणारा तरुण बंदुकीने निरपराधांना मारत असताना पडद्यावरची जुनी भुते निरुपद्रवी झाली आहेत, असे या अभिनेत्याला वाटते. अखेरीस तोच त्या तरुणासमोर उभा राहतो. पडद्यावरचा कार्लॉफ आणि समोरचा कार्लॉफ एकाच वेळी चालून येताना पाहून मारेकरी गोंधळतो. पुढील वर्षी इंग्लंडमधील ससेक्स येथे कार्लॉफ यांचे निधन झाले.