प्रवरेच्या तळाचे वाचक : डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया

आमच्या नगर जिल्ह्यातील नेवासे हे गाव महाराष्ट्रातील आबालवृद्धांस ठाऊक आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, गीतेवरील आपली टीका येथेच सांगितली. आणि ज्या खांबास टेकून ते बसत असत असे लोक मानतात, तो पैसाचा खांब पाहण्यास आजही दूरदूरचे यात्रेकरू येतात. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या वर्गातील मुलांस घेऊन तेथे गेलो होतो. खांब पाहून झाल्यावर प्रवरेच्या काठी शिदोऱ्या सोडल्या, तेव्हा एका मुलाने आम्हांस विचारले की, ह्या गावातील सर्वांत जुनी वस्तू किती वर्षांची असेल. आम्ही सवयीने सातशे वर्षे म्हणून गेलो. ज्या दरडीला पाठ टेकून आम्ही ते उत्तर दिले, त्या दरडीतील दगडगोटे लक्षावधी वर्षांचे होते, आणि त्यांपैकी काहींवर माणसाच्या हाताचे घाव होते. ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती, तरी ऐन वेळी ती आठवली नाही, ह्याची आम्हांस मागाहून फार लाज वाटली. त्या मुलाचे ऋण फेडावे म्हणून, ज्यांनी प्रवरेची ती दरड प्रथम नीट वाचली, त्या डॉ. सांकलिया ह्यांचे अल्प चरित्र आम्ही येथे सादर करीत आहो.

नदीची दरड वाचणे म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. पाणी वेगाने वाहते तेव्हा ते मोठाले गोटेही लोटून नेते. वेग मंदावला की प्रथम गोटे, मग खडी, मग वाळू, आणि शेवटी अगदी संथ झाल्यावर बारीक गाळ तळाशी बसतो. नद्या जेथे समुद्रास मिळतात तेथील खाड्यांचे तळ शास्त्रज्ञ आज ध्वनिलहरी सोडून व तळाची माती वर काढून तपासतात, आणि कोठे चिखल आहे, कोठे वाळू आहे, कोठे खडक आहे, ह्याचे नकाशे काढतात. त्याच नकाशावर कोणता जीव कोठे राहतो हेही दाखविता येते. कारण खडकास चिकटणारे कालव चिखलात जगत नाही, आणि चिखलात बीळ करणारा किडा खडकावर राहू शकत नाही. तळ जसा, तशी वस्ती. आमची प्रवरा सह्याद्रीत रतनगडाजवळ उगम पावून प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. समुद्राचे दर्शन तिला गोदावरीच्याच द्वारे होते. तथापि नियम तोच आहे. भेद इतकाच की, प्रवरेचा जो तळ वाचावयाचा तो आजचा नसून फार प्राचीन काळचा आहे. जुन्या काळी तळाशी बसलेले थर नदीने पुढे स्वतःच कापून काढले, आणि आता ते दोन्ही काठांच्या दरडींत उघडे पडले आहेत. खाडीचा तळ पाहावयास नाव लागते. हा तळ पाहावयास केवळ डोळे लागतात.

असे डोळे ज्यांना लाभले ते हसमुख धीरजलाल सांकलिया १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती वकील घराण्यात जन्मले. जन्मतः ते इतके अशक्त होते की, मूल वाचेल अशी आशा घरच्यांस नव्हती. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास लोकमान्य टिळकांच्या वेदकालीन आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचे गुजराती भाषांतर त्यांच्या हाती आले. त्यातील फारच थोडे त्यांना समजले. परंतु जे समजले नाही ते समजून घेतल्याशिवाय राहावयाचे नाही, असा निश्चय त्यांनी केला. त्यासाठी संस्कृत व गणित हे दोन्ही विषय आले पाहिजेत असे ठरवून त्यांनी त्यांचा अभ्यास धरला. पुस्तक कठीण लागले म्हणजे ते मिटून ठेवणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. कठीण पुस्तकावरून आपल्या आयुष्याची दिशा ठरविणारा एखादाच निघतो.

मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात फादर हेरास ह्या विद्वान इतिहासकारांच्या हाताखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे कायद्याची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. पण न्यायालयाची पायरी चढण्याऐवजी ते विलायतेस गेले, आणि गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहून लंडन विद्यापीठाची पीएच. डी. त्यांनी मिळविली. तेथे असतानाच मेडन कासल येथील उत्खननात मॉर्टिमर व्हीलर ह्यांच्या हाताखाली ते खणावयास शिकले. व्हीलरसाहेबांची पद्धत अशी की, जमीन सरसकट उकरावयाची नाही. चौकोन आखून खणावयाचे, मध्ये मातीच्या भिंती राखावयाच्या, आणि त्या भिंतींवर दिसणारे थर एकामागून एक नोंदवावयाचे. वस्तू कोणती सापडली ह्याइतकेच ती कोणत्या थरात सापडली ह्याला महत्त्व. हा धडा सांकलिया जन्मभर विसरले नाहीत.

इ. स. १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, आणि सांकलिया तेथे प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक झाले. त्या काळी महाराष्ट्राचा इतिहास मौर्य व सातवाहन ह्यांच्यापासून, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार वर्षांपासून, आरंभ होतो असेच बहुधा शिकविले जाई. त्यापूर्वी ह्या काळ्या पाषाणाच्या देशात कोण राहत होते, ह्याचे उत्तर कोणापाशी नव्हते. पुरावा अगदीच नव्हता असे नाही. आपल्याच जिल्ह्यातील, आजच्या शेवगाव तालुक्यातील, मुंगी येथे गोदावरीच्या जुन्या थरांत विन नावाच्या भूशास्त्रज्ञास इ. स. १८६५ च्या सुमारास अकिकाचा एक घडविलेला छिलका मिळाला होता. पण एक छिलका म्हणजे एक अक्षर. एका अक्षरावरून ग्रंथ वाचता येत नाही. त्या छिलक्याची नोंद झाली, आणि पुढे पाऊणशे वर्षे तो जवळजवळ एकटाच राहिला.

सांकलियांनी हाती घेतले ते नद्यांचे काठ. गुजरातेत साबरमतीच्या खोऱ्यात इ. स. १९४१ पासून त्यांनी जे काम केले, त्यावरून त्यांची खात्री झाली की, आदिमानव पाण्याच्या आश्रयाने राहत असल्यामुळे त्याची हत्यारे नद्यांच्या जुन्या थरांतच शोधावयास हवीत. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या थरांतून त्यांना अशी हत्यारे मिळाली, आणि त्यांवरील त्यांचा ग्रंथ इ. स. १९५२ साली प्रसिद्ध झाला. पुढे विद्यार्थ्यांस त्यांनी एकेका नदीचे खोरे नेमून दिले. पायी हिंडावे, दरडी पाहाव्या, थरांची जाडी मोजावी, कोणत्या थरातून कोणता दगड निघाला ते लिहून ठेवावे, हाच त्यांचा पाठ. इतिहासाच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांस ग्रंथालयाबाहेर काढून नदीच्या चिखलात उभे करावे, हे त्या काळी पुष्कळांस विचित्र वाटले असेल.

इ. स. १९५४ साली ही मंडळी नेवाशास आली. गावाजवळील लाडमोड नावाचे पांढरीचे टेकाड खणावयाचे, हा मुख्य हेतू होता. पण सांकलियांची दृष्टी टेकाडाबरोबर खालच्या नदीकडेही गेली. प्रवरेच्या दरडीत त्यांनी जे पाहिले ते सामान्यतः असे सांगता येईल. अगदी तळाशी काळा कातळ. त्यावर चुन्याने घट्ट बांधली गेलेली जाड खडी व गोटे. त्यावर पिवळसर तांबूस गाळ. त्यावर पुन्हा खडी, पण पहिलीहून बारीक. आणि त्यावर पुन्हा गाळ. खालच्या जाड खडीतून काळ्या दगडाच्या ओबडधोबड पण भक्कम हातकुऱ्हाडी व फरश्या निघाल्या. वरच्या बारीक खडीतील हत्यारे अगदी निराळी होती. ती लहान, हलकी, गारगोटी, अकीक, जास्पर अशा रंगीत व चिवट दगडांच्या छिलक्यांची केलेली. कातडे खरवडावयाच्या तासण्या, टोचे, टोकदार पाती असा तो संच होता.

येथेच सांकलियांचे खरे मोठेपण दिसून येते. अशी लहान हत्यारे पूर्वीही इतरत्र मिळाली होती. पण ती कोणत्या काळाची ह्याचा निर्णय झाला नव्हता, कारण बहुधा ती जमिनीवर विखुरलेली मिळत. नेवाशास ती थरात मिळाली, आणि थर हातकुऱ्हाडींच्या थराच्या वर होता. म्हणजे हातकुऱ्हाडी करणाऱ्या माणसानंतर, पण शेती करणाऱ्या माणसाच्या फार पूर्वी, दगडकामाची निराळीच रीत जाणणारा माणूस ह्याच नदीकाठी वावरत होता. भारताच्या पुराश्मयुगातील हा मधला टप्पा त्यांनी नेवाशाच्या आधारावर मांडला, आणि जगातील विद्वानांत आपल्या तालुक्याच्या गावाचे नाव त्या हत्यारांस देण्याचा प्रघात पडला. प्रवरेच्या जुन्या थरांतून प्राचीन प्राण्यांचे अश्मीभूत अवशेषही मिळाले. नर्मदेवरून ज्याचे शास्त्रीय नाव पडले, तो थोर शिंगांचा रानबैल त्या काळी आमच्या ह्या मुलखात चरत असे. हत्यारे व प्राणी ह्या दोहोंवर सांकलियांनी इ. स. १९५६ साली लिहिलेल्या लेखाच्या मथळ्यातच अहमदनगर जिल्ह्याचे नाव आहे.

नदीकडून ते टेकाडाकडे वळले तेव्हा आणखी एक जग उघडले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लाडमोडावर शेतकऱ्यांची वस्ती होती. ते कुडाची घरे बांधीत, लाल रंगावर काळी नक्षी काढलेली मडकी वापरीत, आणि मूल दगावले तर त्यास मातीच्या रांजणांत घालून घरातच पुरीत. अशा एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिचा दोरा तपासला तेव्हा त्यात रेशीम व कापूस असल्याचे आढळले. त्या आईबापांची नावे कोणास ठाऊक नाहीत. पण आपले लेकरू मातीस देताना त्यांनी त्याच्या गळ्यातील माळ काढून घेतली नाही, एवढे मात्र त्या मातीने तीन हजार वर्षे जपून ठेवले. इ. स. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या नेवाशाच्या अहवालास सांकलियांनी जे नाव दिले त्याचा आशय असा की, आपण इतिहासाकडून इतिहासपूर्व काळाकडे गेलो. पायऱ्या खाली उतरत जाव्या आणि प्रत्येक पायरीवर निराळा माणूस भेटावा, तसे ते उत्खनन झाले.

थोरांचे चरित्र सांगताना त्यांचे सर्वच म्हणणे अचूक होते असे दाखविण्याचा मोह होतो. तो आम्ही टाळतो. जाड खडी म्हणजे पावसाळी युग आणि गाळ म्हणजे कोरडे युग, असा जो सरळ हिशेब त्या काळी मांडला जाई, तो पुढील संशोधकांस अपुरा वाटला. नदीचे वागणे त्याहून गुंतागुंतीचे असते. पण ही दुरुस्ती करणारे पुष्कळसे लोक त्यांच्याच संस्थेत घडले. गुड्रुन कॉर्विनस ह्या जर्मन विदुषींनी डेक्कन कॉलेजच्या आश्रयाने इ. स. १९६६ ते १९६९ ह्या काळात नेवाशाजवळच चिरकी नाल्याकाठी उत्खनन केले, आणि प्रवरेच्या सर्व खोऱ्यातील थरांची पाहणी करून दोन खंड लिहिले. नेवाशाचे जुने थर साडेतीन लाख वर्षांहूनही प्राचीन आहेत, असे नंतरच्या कालमापनाने दाखविले. आपले म्हणणे तपासून पाहणारे शिष्य जो तयार करतो, तोच खरा गुरू होय.

संगमनेरजवळील जोर्वे, नर्मदाकाठचे नावडातोली, राजस्थानातील आहाड, पुणे जिल्ह्यातील इनामगाव अशा अनेक ठिकाणी सांकलियांनी काम केले व करविले. भारत व पाकिस्तान ह्यांच्या इतिहासपूर्व काळावरील त्यांचा ग्रंथ कित्येक वर्षे विद्यार्थ्यांचा आधार होता. इ. स. १९७३ साली ते सेवानिवृत्त झाले. १९७४ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण पदवीने गौरविले. १९७८ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र निघाले. जे मूल वाचेल अशी आशा नव्हती ते ऐंशी वर्षे जगून, आणि लक्षावधी वर्षांचा हिशेब लावून, २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यास निवर्तले.

बालवाचकहो, आता तुम्हांस एक गोष्ट सांगून आम्ही हा लेख पुरा करतो. ग्रंथालयातील पुस्तक हरवले तर त्याची दुसरी प्रत मिळते. नदीच्या दरडीची दुसरी प्रत नसते. आमच्या नद्यांतून वाळू व मुरूम उपसून गाड्याच्या गाड्या नेल्या जातात, काठ ढासळतात, आणि ज्या थरात हातकुऱ्हाड आहे की मुंगीच्या छिलक्याचे भावंड आहे हे कोणी पाहिलेही नाही, तो थर कोणाच्या तरी घराच्या पायात जाऊन पडतो. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाने नदीवरून खिसे भरून दगड आणले तर ते न पाहताच उकिरड्यावर टाकू नयेत. त्यास एवढेच विचारावे की, हा दगड कोठून उचलला, दरडीतून की वाळूतून, वरच्या थरातून की खालच्या. ज्या मुलाला हे सांगता येईल, तो सांकलियांच्याच वाटेने एक पाऊल चालला असे समजावे. आणि ज्याने आम्हांस नेवाशास तो प्रश्न विचारला, त्यास आमचे उशिरा का होईना हे उत्तर : बाळा, ज्या दरडीखाली बसून आपण भाकर खाल्ली, तीच त्या गावातील सर्वांत जुनी वस्तू होती.