सावित्रीमाईंची रात्रीची शाळा

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांची तसबीर आपल्या विहारात आहे, पुष्कळांच्या घरातही आहे. ३ जानेवारीला जयंती होते, भाषणे होतात. पण आमचा अनुभव असा की, भाषण शेणमाती फेकणाऱ्यांपासून सुरू होते आणि मुलींच्या शाळेपाशी संपते. १८५५ साली माईंनी आणि जोतीरावांनी मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली, हे मात्र एका ओळीत उरकले जाते. आम्ही पाळीपाळीने राबलेली गिरणीतली माणसे. आम्हाला ती एक ओळच मोठी वाटते, म्हणून माईंचे जीवन त्या अंगाने सांगतो.

माईंचा जन्म १८३१ चा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये लग्न झाले तेव्हा माई नऊ वर्षांच्या, जोतीराव तेरा वर्षांचे. घर पाटलाचे, खायला-ल्यायला काही कमी नव्हते. पण मुलीच्या हाती पाटी द्यावी हे कुणाच्या मनातही येत नव्हते. सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती.

इकडे जोतीरावांचीही शाळा सुटलेली. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात घातले होते. गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत गेले. शाळा सुटणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यानेच बायकोला शिकवायला घेतले. सोबत सगुणाबाई क्षीरसागर होत्या, ज्यांनी जोतीरावांना लहानाचे मोठे केले. विधवा, वयाने मोठ्या, आणि त्याही शिकल्या! आज आपण ज्याला प्रौढ शिक्षण म्हणतो ते फुल्यांच्या घरात असे सुरू झाले. पुढे माईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले. १८४८ मध्ये भिडेवाड्यातली मुलींची शाळा निघाली, १८४९ मध्ये घर सोडावे लागले, उस्मान शेख यांनी आसरा दिला. हे सर्व आपल्याला पाठ आहे.

आता १८५५. माईंचा काव्यसंग्रह आदल्याच वर्षी छापून आलेला. मुलामुलींच्या शाळा चालू होत्या. तरी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी दोघांनी आपल्या घरीच रात्रीची शाळा काढली. मुले शिकतायत ना, मग बापाला कशाला? असे आजही विचारणारे आहेत. त्यांनी सावकाराचा कागद डोळ्यापुढे आणावा. कर्ज घेणारा शेतकरी, लिहिणारा दुसरा, वाचून दाखवणाराही दुसराच. शेतकऱ्याने नुसते बोट टेकवायचे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे गावी शेतकरी उठले आणि पुणे-नगर भागात ते लोण पसरले, तेव्हा त्यांनी मुख्यतः सावकारांच्या घरातले कर्जरोखे मागून घेतले नि जाळले. त्यांना जे वाचता येत नव्हते तेच त्यांना बुडवत होते. रात्रीच्या शाळेची गरज याहून वेगळी काय सांगावी?

आणि हे काही जुनेच नाही बरं का. गिरणीत नोटीस बोर्डावरचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारे सोबती आम्ही पाहिले. आता गिरणगाव सुटले, माणसे घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडे पांगली. आपल्या वस्तीतल्या कितीतरी आयाबहिणी सही करतात, पण बँकेचा फॉर्म भरायला दुसऱ्याचे तोंड बघतात, मोबाईलवरचा संदेश नातवाकडून वाचून घेतात. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे समजून वाचता-लिहिता येणारा तो साक्षर, सहीपुरता नव्हे. सरकारने २०२२ ते २०२७ साठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला, १५ वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवायचे असे त्यात आहे. पण स्वयंसेवक काही मंत्रालयातून येणार नाही, तो आपल्याच गल्लीतून उठला पाहिजे. विहाराचा हॉल संध्याकाळी सातनंतर बहुतेक रिकामाच असतो.

माईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. १८५६ च्या पत्रात त्या माहेरी आजारी आहेत. भाऊ महार-मांगांना शिकवण्यावरून बोल लावतो आणि त्या त्याला तोडीस तोड उत्तर देतात. १८७७ चे पत्र दुष्काळातले, जुन्नरजवळच्या ओतूरहून. माणसे आणि गुरे कशी तडफडतायत, सत्यशोधक कार्यकर्ते काय करतायत, याची खबर त्यात आहे. सासरी येताना जिला अक्षर ठाऊक नव्हते ती नवऱ्याला कामाचा अहवाल लिहून कळवते! आम्हाला हे शेणमातीच्या गोष्टीपेक्षा थोर वाटते.

सत्यशोधकांचा हाच धागा मुंबईच्या गिरण्यांत आला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या. ५,५०० कामगारांच्या नावाने अर्ज गेला. आठवड्याची सुटी आणि सूर्यास्ताला काम बंद, या त्यातल्या दोन मागण्या. सुटी मिळाली १८९० मध्ये. संध्याकाळच हातात नसेल तर रात्रीच्या शाळेत यायचे कुणी?

त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे माईंनी स्वतः धरले. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी सासाणे मळ्यावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा मुलगा प्लेगने पडला होता. त्याला सहासष्ट वर्षांच्या माईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तिथेच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी माई गेल्या.