दाक्षायणी वेलायुधन

संविधान सभेत १५ स्त्रिया होत्या. सरोजिनी नायडू, विजयालक्ष्मी पंडित, हंसा मेहता ही नावे वाचकांच्या परिचयाची आहेत. त्यांपैकी बहुतेकींच्या पाठीशी सुशिक्षित वा संपन्न घराणे होते. दलित स्त्री मात्र त्यांत एकच होती. कोचीनजवळच्या मुळवुकाड बेटावर, पुलया जातीत, ४ जुलै १९१२ रोजी जन्मलेल्या दाक्षायणी.

त्या काळी कोचीन संस्थानात पुलयांना सभेसाठी जमिनीवर जागा मिळत नसे. म्हणून १९१३ साली त्यांनी खाडीच्या पाण्यात होड्या एकमेकींना बांधून सभा भरवली. दाक्षायणींच्या घरची माणसे या चळवळीत अग्रभागी होती. मुलीला पौराणिक नाव देणे हेही त्या जातीत धाडसच होते. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्या एर्नाकुळमच्या महाराजा कॉलेजात रसायनशास्त्र शिकल्या. सवर्ण अध्यापक प्रयोग जवळून दाखवीत नसत. दुरून पाहून जे उमगले त्याच्या बळावर १९३५ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि पुढे सुमारे दहा वर्षे त्यांनी शाळेत अध्यापन केले. १९४० मध्ये आर. वेलायुधन यांच्याशी त्यांचा विवाह झाला तो वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात, गांधीजी व कस्तुरबांच्या साक्षीने. पौरोहित्य एका कुष्ठरोगी गृहस्थाने केले.

१९४५ मध्ये कोचीनच्या विधिमंडळात आणि पुढील वर्षी मद्रास प्रांतातून संविधान सभेत त्यांचा प्रवेश झाला. वय अवघे ३४. दलितांच्या वतीने त्या स्वतंत्र मतदारसंघ मागतील असे कोणास वाटले असल्यास त्याची निराशा झाली. डॉ. आंबेडकरांनी दीर्घकाळ लावून धरलेल्या त्या मागणीस दाक्षायणींनी सभेत उघड विरोध केला. वेगळ्या मतदानापेक्षा सामाजिक निर्बंध तत्काळ नष्ट होणे त्यांना निकडीचे वाटे. महाराष्ट्रातील अनेकांना ही भूमिका आजही रुचणार नाही, आणि तीवर आक्षेप घेण्यास जागाही आहे. परंतु ती सत्ताधाऱ्यांची मर्जी राखण्यासाठी घेतलेली नव्हती. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधानाच्या मसुद्यावर त्यांनी तितकीच कठोर टीका केली. तो १९३५ च्या कायद्याच्या वळणावर गेला असून सत्ता केंद्राच्या हाती एकवटतो, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच महिन्याच्या २९ तारखेस अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत झाले. त्याला पाठिंबा देतानाही, केवळ शिक्षेच्या भयाने समाज बदलेल यावर त्यांची भिस्त नव्हती.

हंगामी संसदेचा काळ १९५२ मध्ये संपला आणि त्याबरोबर त्यांचे संसदीय जीवनही. १९७१ मध्ये केरळातील अडूर मतदारसंघातून त्यांनी लोकसभेची निवडणूक लढवली, पण पराभव पदरी आला. उत्तरायुष्यात दिल्लीतील सफाईकाम करणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. २० जुलै १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.