रेल्वेवाल्याचा मुलगा : सत्येंद्रनाथ बोस

कोलकात्यात बोस म्हटले की आपल्या मंडळींना सुभाषबाबू आठवतात, फार तर जगदीशचंद्र. तिसऱ्या बोसांची ओळख यंदाच्या स्मरणिकेतून करून द्यावी असे मला वाटले. त्यात थोडा स्वार्थही आहे, कारण त्यांचे वडील सुरेंद्रनाथ ईस्ट इंडियन रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात होते. म्हणजे आमच्याच बिरादरीतले!

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ चा, इथलाच. सात भावंडांत ते थोरले आणि पाठच्या सहाही बहिणी. प्रेसिडेन्सी कॉलेजात मेघनाद साहा त्यांचे वर्गबंधू. १९१५ साली एम.एस्सी.ला बोस पहिले आणि साहा दुसरे आले. १९२१ मध्ये ते ढाक्याच्या नव्या विद्यापीठात रुजू झाले.

तिथे प्रकाशाच्या किरणोत्सर्गाचा प्लँकचा नियम शिकवताना त्यांचे समाधान होईना. त्यांनी प्रकाशकण मोजण्याची वेगळी रीत काढली. ती मला समजली तशी सांगतो. दोन मोदक दोन ताटांत ठेवायचे आहेत. मोदकांवर खूण असेल तर ठेवण्याचे प्रकार चार, आणि दोन्ही मोदक एकाच ताटात येतात असे त्यातले दोन. आता मोदक इतके एकसारखे की हा कोणता आणि तो कोणता हा प्रश्नच उरत नाही, असे समजा. मग प्रकार तीनच होतात. त्यातही एकत्र येण्याचे दोन आहेतच. चारात दोन होते, ते तिनात दोन झाले. म्हणजे एकसारख्या कणांचा कल एकत्र जमण्याकडे वाढला. एवढ्याशा हिशेबातून प्लँकचा नियम सरळ बाहेर आला.

४ जून १९२४ रोजी बोसांनी हा लेख प्रत्यक्ष ओळख नसताना थेट आइन्स्टाइनना पाठवला. आइन्स्टाइननी स्वतः जर्मनमध्ये अनुवाद करून तो छापून आणला. जेमतेम चार पानांचा लेख! पुढे हीच रीत त्यांनी अणूंना लावली आणि भाकीत केले की पुरेशा थंडीत असंख्य अणू एकाच अवस्थेत गोळा होतील.

बोस दोन वर्षे पॅरिस-बर्लिनला राहून १९२६ मध्ये परतले. प्रोफेसरपदासाठी त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. आइन्स्टाइनच्या शिफारशीनंतर ते पद मिळाले. आम्हा डिप्लोमावाल्यांना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगायला नको. नोबेल मात्र त्यांना कधीच मिळाले नाही, आणि हे मला अजून खटकते.

भाकीत खरे ठरायला सत्तर वर्षे लागली. ५ जून १९९५ रोजी अमेरिकेत बोल्डर येथे कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू अशा अवस्थेत आणले. तापमान होते निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाचा साधारण सहावा हिस्सा. शेवटची थंडी आणण्याची युक्ती आपल्या बशीतल्या चहासारखीच : गरम अणू निसटू द्यायचे, उरलेले आपसांत टकरा घेत आणखी थंड होतात. वायू अगदी विरळ ठेवावा लागतो, नाहीतर अणू एकमेकांना चिकटून घन पदार्थ होतो. १९९८ मध्ये केटर्ले यांच्या गटाने चुंबकीय क्षेत्र बदलून अणूंमधले परस्परबल कमीजास्त करता येते हे दाखवले. या तिघांना २००१ चे नोबेल मिळाले. २०१८ पासून असे थंड अणू अंतराळ स्थानकातही तयार केले जात आहेत.

बोस १९४५ मध्ये ढाक्याहून कोलकात्याला आले. १९४८ मध्ये त्यांनी बंगीय विज्ञान परिषद काढली आणि बंगालीतून विज्ञानाचे मासिक सुरू केले. फावल्या वेळी एसराज वाजवत. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी ते गेले, त्यांच्या सांख्यिकीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातच.

शेजारच्या बंगाली मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात अणू म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे त्यांचा परमाणू. माझी मुलगी दोन्ही शब्द इंग्रजीतूनच शिकली. घरी तिला मराठी शब्द सांगितले, तेव्हा तिने विचारले की मग बोसांचे ते मासिक बंगाली मुले वाचतात का? ते मात्र शेजारी जाऊन विचारायचे राहिले आहे.