बाणाच्या उलट दिशेने

बँकेतल्या माझ्या नोकरीत हुकूम नेहमी वरून खाली यायचा. सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने काढलेली मेंदूची चित्रं पाहिली, तेव्हा त्यांतले बाण मला म्हणूनच ओळखीचे वाटले.

काहाल १८५२ साली जन्मले. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. शल्यवैद्य वडिलांना ते मंजूर नव्हतं. पोराला न्हाव्याकडे, चांभाराकडे उमेदवारीला ठेवून झालं. अखेर वडिलांनी स्मशानातली हाडं दाखवून त्याला शरीररचना शिकवली आणि चित्रं काढणारा हात वैद्यकात आला.

इटलीच्या गोल्जींची पेशी काळ्या रंगवण्याची पद्धत काहालांनी १८८७ साली पाहिली. तिच्याच आधारे त्यांनी दाखवलं, की मेंदू म्हणजे अखंड जाळं नाही. पेशी सुट्या असतात आणि संदेश एकीकडून दुसरीकडे, एकाच दिशेने जातो. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, पण गोल्जींनी आपल्या भाषणात या मतालाच विरोध केला. काहाल १९३४ साली वारले.

गांजाचा अंमल मेंदूत जिथे चढतो, तिथेच काम करणारा मेंदूचा स्वतःचा पदार्थ १९९२ साली सापडला. संस्कृत ‘आनंद’वरून त्याचं नाव पडलं आनंदामाइड. २००१ साली कळलं, की संदेश घेणारी पेशी असाच पदार्थ सोडून धाडणारीला उलट बजावते: आता आवर. पेशीपेशीचं वागणंही निराळं. इतर पेशींना लगाम घालणाऱ्या काही पेशींच्या टोकांवर हा निरोप घेणारी कवाडं दाट, चेतवणाऱ्या पेशींवर विरळ. ज्यांच्यासाठी काहालांनी १९१३ मध्ये सोन्याच्या क्षाराची रंगपद्धत काढली, त्या ताराकृती पेशी हा निरोप ऐकतात आणि असे पदार्थ मोडून निरोप संपवतातही. मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असे पदार्थ स्वतः तयार करू शकतात.

या मायक्रोग्लिया १९१९ साली ओळखल्या काहालांच्याच हाताखालच्या रिओ-ओर्तेगा यांनी. काहालांना ते सहजी पटलं नाही. दोघांचं बिनसलं आणि १९२० साली ओर्तेगांना ती प्रयोगशाळा सोडावी लागली.

हे वाचताना मला आमच्या शाखेतला शिपाई आठवला. हा कर्जदार बुडवणारा नाही साहेब, मुदत द्या, असं तो म्हणाला होता. मी जप्तीच्या कागदावर सही केली. काहालांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.