चौपाटीवरचं विमान : शिवकर बापूजी तळपदे यांच्याबद्दल पोरांना काय सांगायचं?

दर दोन-चार महिन्यांनी गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, एका मराठी माणसानं मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं आणि इंग्रजांनी ते दाबून टाकलं. १५ ऑगस्टच्या भाषणातही पोरं हेच पाठ करून म्हणतात. तर हा माणूस होता कोण, ते पाहू.

शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४ चा, मुंबईच्या चिराबाजारातला. पाठारे प्रभू घराणं. जे. जे. कला शाळेत ते शिकवत, म्हणजे पेशानं मास्तर. संस्कृतची मोठी ओढ. स्वामी दयानंद सरस्वतींचं वेदांवरचं लिखाण वाचून जुन्या ग्रंथांतलं विमान खरंच बनवता येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. १९०७ मध्ये त्यांचं 'प्राचीन विमान कलेचा शोध' हे पुस्तकही निघालं. देश गुलामीत असताना एका मास्तरनं असा ध्यास घेणं, हे काही लहान काम नव्हे.

आता चौपाटीची गोष्ट. विमानाचं नाव 'मरुत्सखा', आत माणूस नव्हता, ते १५०० फूट चढलं अन् खाली पडलं. पाहायला सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे हजर होते, असंही सांगतात. पण ते उडाल्याची त्या काळची एकही भरवशाची नोंद नाही. उलट अमेरिकेत लँगली यांचं बिनमाणसाचं, वाफेच्या इंजिनाचं यंत्र ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर साधारण ३३०० फूट अंतर उडालं, त्याची तारखेसकट नोंद आहे. राईट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण फक्त १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. पण त्याचा फोटो आहे, साक्षीदार आहेत, आणि ते यंत्र आजही संग्रहालयात आहे.

मरुत्सखा पाऱ्यावर चालायचं, असंही मेसेजमध्ये असतं. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. एक लिटरची बाटली भरली तर साडेतेरा किलो भरते, आणि त्याची वाफ विषारी. या गोष्टीला आधार म्हणून 'वैमानिकशास्त्र' ग्रंथाचं नाव घेतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो तपासला. त्यांच्या मते तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत. मग १८९५ चं विमान त्यावरून बनलं कसं, हे मेसेज पाठवणाऱ्यानंच सांगावं.

वर्गात तळपदेंचं नाव जरूर घ्यावं. पण सोबत एक प्रश्न टाकावा : हे यंत्र वर कशाच्या जोरावर जातं? फुगा आतल्या गरम किंवा हलक्या हवेमुळे चढतो. विमानाला पंख उचलतात, पण त्यासाठी ते वेगानं पुढं पळावं लागतं. हेलिकॉप्टरचं पातं फिरतं म्हणून ते जागेवरूनच उठतं, आपल्या कपाशीवर फवारणी करणारा ड्रोनही त्याच जातीचा. रॉकेटला हवेची गरजच नाही, ते जळणासोबत ऑक्सिजनची सोयही स्वतःच नेतं, म्हणून अंतराळात तेच चालतं. उपग्रह रॉकेटनं एकदा वर सोडला की पृथ्वीभोवती फिरत राहतो.

हे माहीत नसलं की काय होतं, ते २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्याच्या संध्याकाळी दिसलं. विदर्भाच्या आभाळातून जळते गोळे गेले. कोणी उल्का म्हणे, कोणी विमान पडलं म्हणे. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला तर लोखंडी कड्यासारखी मोठी धातूची रिंग पडली. ते जुन्या रॉकेटचे अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं.

तळपदे १९१६ मध्ये वारले. त्याआधी, १८ फेब्रुवारी १९११ ला, अलाहाबादहून नैनीला विमानानं टपाल गेलं होतं, आणि त्याची पत्रं-पाकिटं लोकांनी आजही जपून ठेवली आहेत.