डोलकाठीवरील धूळ

चार्ल्स डार्विन ह्यांचे नाव घेताच उत्क्रांतिवाद आठवतो. आम्ही मात्र येथे त्यांच्या चरित्रातील चिमूटभर धुळीची हकिगत सांगणार आहोत.

डार्विन ह्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी येथे झाला. वैद्यकाचा अभ्यास त्यांनी अर्ध्यावर सोडला. धर्मोपदेशक व्हावे म्हणून पित्याने केंब्रिजला धाडले, तर तेथे ते किडे गोळा करण्यात रमले. ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासाला जाण्याची संधी आली, तेव्हा वडिलांनी आधी नकारच दिला. मामांनी रदबदली केली, म्हणून २७ डिसेंबर १८३१ रोजी हा बावीस वर्षांचा तरुण निघू शकला.

१६ जानेवारी १८३२ रोजी जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेस केप व्हर्द बेटांशी पोचले. (आमच्या गोमंतकाप्रमाणे ही बेटेही तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होती.) हवा धूसर होती. नांगर टाकण्यापूर्वी, डोलकाठीच्या टोकाशी वाऱ्याची दिशा दाखविणाऱ्या जाळीदार कापडात तपकिरी पूड अडकलेली डार्विन ह्यांना दिसली. दुसऱ्या कोणी ती झटकून टाकली असती. त्यांनी तिची पुडी बांधली.

पुढे भूशास्त्रज्ञ लायेल ह्यांच्याकडून तशाच आणखी चार पुड्या मिळाल्या. पाचही बर्लिनच्या एरेनबर्ग ह्यांच्याकडे गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना सदुसष्ट प्रकारचे सूक्ष्म अवशेष आढळले, तेही बहुतेक गोड्या पाण्यातले! शिवाय खास आफ्रिकेचा म्हणून त्यांना ठाऊक असलेला एकही जीव त्यांत नव्हता. दोन मात्र दक्षिण अमेरिकेचे निघाले. मग ही धूळ आली कोठून?

एवढ्या मोठ्या तज्ज्ञाच्या निरीक्षणाने डार्विन चकित झाले, पण डगमगले नाहीत. धूळ पडते त्या महिन्यांत आफ्रिकेकडून हरमॅटन नावाचा कोरडा वारा वाहतो, हे त्यांनी ध्यानी घेतले. निरनिराळ्या जहाजांच्या नोंदी जमविल्या. किनाऱ्यापासून हजार मैलांहून दूरही ती पडलेली होती. तीनशे मैलांवरच्या धुळीत त्यांना दगडाचे कणही सापडले. दगड इतका दूर उडतो, तर वनस्पतींची हलकी बीजुके का उडू नयेत, असा तर्क त्यांनी केला. हा निबंध १८४६ साली प्रसिद्ध झाला.

गोड्या पाण्याचे कोडे आज उलगडले आहे. सहाराच्या परिसरात एके काळी विस्तीर्ण सरोवरे होती. ती आटली, चाडमधील बोडेले खोलगटासारख्या त्यांच्या तळांवरून वारा सूक्ष्म कवचांची पूड उचलतो आणि दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या अरण्यापर्यंत नेतो. तिच्यातील स्फुरद तेथील झाडांना खतासारखे पडते.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन निवर्तले. धूळ बर्लिनच्या संग्रहालयात राहिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ती पश्चिम आफ्रिकेचीच ठरली, आणि तिच्यातील काही जिवाणू व बुरशी तोवर जिवंत होत्या.